एक व्होल्टचा उंबरठा: बॅरन फ्रेडरिक्सची गोष्ट

ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर बहुतेकांच्या घरी असतो. एकदा आणायचा, ड्रॉवरमध्ये टाकायचा आणि विसरायचा. दोन-तीन वर्षांनी कुणाला तरी ताप येतो, आपण तो शोधून काढतो, बटन दाबतो, आणि आकडे उमटतात. आत असते एक चिमुकली बटन सेल, फक्त दीड व्होल्टची. किराणा दुकानातला कॅल्क्युलेटर, मनगटावरचं डिजिटल घड्याळ, भिंतीवरचं तापमान दाखवणारं यंत्र, सगळ्यांची तीच तऱ्हा.

आता दुसरं टोक बघा. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, खिशात मावणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये किंवा चष्म्यावर बसवलेल्या डिस्प्लेमध्ये नखाएवढा एक पडदा असतो. त्याला मायक्रोडिस्प्ले म्हणतात. एका नखावर लाखो पिक्सेल, आणि तेही बॅटरीवर. लिक्विड क्रिस्टल वापरणाऱ्या अशा मायक्रोडिस्प्लेवर जगभर पीएचडी झाल्या आहेत, अजून होतायत. त्यातल्या बहुतेक प्रबंधांच्या सुरुवातीच्या प्रकरणात एक सूत्र येतं आणि त्याच्या शेजारी एक नाव येतं: फ्रेडरिक्स.

हे नाव आपण सूत्राबरोबर पाठ करतो आणि पुढे जातो. मीही बरीच वर्षं तेच केलं. माणूस कोण होता हे नंतर वाचलं, आणि मग ते सूत्र पूर्वीसारखं वाचता येईना.

आधी थोडं त्या पदार्थाबद्दल

लिक्विड क्रिस्टल म्हणजे द्रव-स्फटिक. नावातच भांडण आहे. स्फटिकात रेणू ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिशेने बसलेले असतात, तर द्रवात ते कसेही, कुठेही फिरतात. पण काही पदार्थ वितळले की मधल्याच एका अवस्थेत थांबतात. त्यांचे रेणू काडीसारखे लांबट असतात. ते पाण्यासारखे वाहतात, जागा बदलतात, पण एकमेकांना समांतर राहतात. नदीतून वाहत येणारे लाकडाचे ओंडके डोळ्यासमोर आणा. जागा कुठलीच पक्की नाही, पण दिशा सगळ्यांची एक.

दिशा एक असल्यामुळे प्रकाशावर परिणाम होतो. अशा थरातून प्रकाश एका दिशेने कंप पावत गेला तर एका वेगाने जातो, आडव्या दिशेने कंप पावत गेला तर वेगळ्या वेगाने. त्यामुळे दोन पोलरायझरच्या मध्ये हा थर ठेवला आणि रेणूंची दिशा बदलली, की उजेडाचा अंधार करता येतो किंवा अंधाराचा उजेड. सगळा एलसीडी एवढ्याच खेळावर उभा आहे. प्रश्न फक्त एक: रेणूंची दिशा बदलायची कशी, आणि त्यासाठी किती जोर लागतो?

या दुसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर ज्याने मोजून दाखवलं तो व्सेवोलोद कॉन्स्टान्टिनोविच फ्रेडरिक्स.

वॉर्सा, जिनिव्हा, ग्योटिंगेन

त्याचा जन्म १८८५ सालचा, वॉर्साचा. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता. घराणं सरदारी, बॅरन ही पदवी वडिलोपार्जित. वडील झारच्या नोकरीत होते आणि पुढे निझनी नॉवगोरोद या व्होल्गाकाठच्या शहराचे गव्हर्नर झाले. हे शहर लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

शिक्षणासाठी तो स्वित्झर्लंडला गेला, जिनिव्हा विद्यापीठात. डॉक्टरेटही तिथेच केली. विषय ऐकायला अगदी कोरडा: घन पदार्थांचं कमी तापमानातलं अंतर्गत घर्षण. साधं करून सांगायचं तर तारेला पीळ द्यायचा, सोडायचा, ती मागे-पुढे फिरत राहते आणि हळूहळू थांबते. का थांबते? हवेमुळे थोडी, पण बरीचशी स्वतःच्या आतल्या घर्षणामुळे. तार थंड करत नेली की हे घर्षण कसं बदलतं, ते मोजायचं. मार्गदर्शक शार्ल-यूजीन ग्यी, आणि दोघांच्या नावावर १९०९ मध्ये या कामाचा निबंध छापून आला.

मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. पदार्थाला पीळ दिला की तो किती विरोध करतो, हे बारकाईने मोजायची सवय या माणसाला पंचविशीच्या आत लागली होती. पुढे त्याने जन्मभराचं काम केलं ते अशा द्रवावर, ज्याला पीळ दिला की तो घन पदार्थासारखा विरोध करतो. हा माझा अंदाज आहे, त्याने असं कुठे लिहून ठेवलं म्हणून सांगत नाही.

जिनिव्हानंतर जर्मनीतलं ग्योटिंगेन. तिथे वोल्डेमार फोइग्ट हा स्फटिकांच्या भौतिकशास्त्राचा त्या काळातला सर्वांत मोठा जाणकार होता. १९१० मध्ये आलेलं त्याचं स्फटिक-भौतिकीचं जाडजूड पुस्तक आजही संदर्भाला काढतात. फ्रेडरिक्स त्याच्या हाताखाली काम करू लागला. दिशेनुसार गुणधर्म बदलणाऱ्या पदार्थांचं गणित शिकायला याहून चांगली जागा तेव्हा नव्हती.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. रशियन पासपोर्टवाला माणूस जर्मनीत म्हणजे शत्रू. फ्रेडरिक्स नागरी युद्धबंदी ठरला. मात्र ग्योटिंगेनमध्येच राहून काम करता आलं, आणि तेही थेट डेव्हिड हिल्बर्टबरोबर. १९१५ मध्ये आइनस्टाइन ग्योटिंगेनला येऊन व्याख्यानं देऊन गेला होता, आणि वर्षाअखेरीस आइनस्टाइन आणि हिल्बर्ट दोघंही गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांमागे लागले होते. सामान्य सापेक्षता जिथे आकार घेत होती, त्या गल्लीत हा रशियन बॅरन युद्धबंदी म्हणून बसला होता.

१९१८ मध्ये तो मायदेशी परतला. झार गेला होता, बॅरन ही पदवी आता मिरवण्यासारखी नव्हती, उलट अडचणीची होती. काही काळ मॉस्को आणि मग १९१९ मध्ये पेट्रोग्राड, म्हणजे पुढचं लेनिनग्राड, आजचं सेंट पीटर्सबर्ग. शहरात यादवी युद्धाची उपासमार चालू. अशा वेळी फ्रेडरिक्सने काय आणलं, तर सामान्य सापेक्षता. युद्धामुळे जर्मन नियतकालिकं रशियात पोचलीच नव्हती. १९२१ मध्ये त्याने रशियन भाषेत या सिद्धांतावर सविस्तर लेख लिहिला. पेट्रोग्राडमध्ये त्याचा एक सोबती होता अलेक्झांडर फ्रीडमन, हवामानाचं गणित करणारा. याच फ्रीडमनने १९२२ मध्ये दाखवलं की आइनस्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्वही निघू शकतं. फ्रीडमन आणि फ्रेडरिक्स यांनी मिळून सापेक्षतेवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला. पहिला खंड १९२४ मध्ये निघाला. १९२५ मध्ये फ्रीडमन विषमज्वराने गेला, वय अवघं ३७. पुढचे खंड राहिले ते राहिलेच.

भिंग, काच आणि एक कडं

आता मूळ मुद्द्यावर येऊ. १९२०च्या दशकात लिक्विड क्रिस्टल म्हणजे गंमतीचा विषय होता. उपयोग शून्य. हा खरंच वेगळा पदार्थ आहे की दोन पदार्थांचं दुधाळ मिश्रण, यावर भांडणं होऊन गेली होती. पदार्थही हट्टी. फ्रेडरिक्सने ज्यावर काम केलं त्या पॅरा-अझॉक्सिअ‍ॅनिसोलमध्ये ही अवस्था साधारण ११८ ते १३५ अंश सेल्सिअसमध्येच दिसते. म्हणजे प्रत्येक प्रयोग उकळत्या पाण्यापेक्षा गरम, आणि तापमान जरा इकडेतिकडे झालं की खेळ खलास.

त्याच्यासोबत अंतोनिना रेपिएवा ही संशोधक होती. दोघांनी जो प्रयोग मांडला तो इतका साधा आहे की बीएस्सीला न्यूटन्स रिंग्जचं प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही लगेच कळेल. एक सपाट काच घ्या. तिच्यावर किंचित फुगीर भिंग पालथं ठेवा. मधोमध दोन्ही टेकतात, आणि कडेकडे जावं तशी फट रुंदावत जाते. या फटीत वितळलेलं लिक्विड क्रिस्टल भरा. म्हणजे एकाच नमुन्यात सगळ्या जाडीचे थर मिळाले, मध्यावर जवळजवळ शून्य आणि बाहेर जाड.

काचेला लागून असलेले रेणू काचेने धरून ठेवलेले असतात. ते हलत नाहीत. त्यांच्या शेजारचे त्यांच्याकडे बघून उभे राहतात, त्यांच्या शेजारचे त्यांच्याकडे बघून. आता बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं. क्षेत्र म्हणतं, वळा. काच म्हणते, हलायचं नाही. मधल्या रेणूंची ओढाताण.

साधी अपेक्षा अशी की क्षेत्र थोडं वाढवलं की रेणू थोडे वळतील, अजून वाढवलं की अजून वळतील. तसं होत नाही. एका मर्यादेपर्यंत काहीच घडत नाही. मग एकदम वळायला लागतात, आणि सर्वांत आधी वळतात ते दोन्ही काचांपासून लांब असलेले, थराच्या मध्यावरचे.

घरी करून बघायचं असेल तर प्लॅस्टिकची शाळेची पट्टी घ्या. दोन तळव्यांमध्ये उभी धरून दोन्ही बाजूंनी दाबा. थोडा जोर, काही नाही. अजून जोर, काही नाही. मग एका क्षणी पट्टी कमान होते, आणि सर्वांत जास्त वाकते ती मध्यावर. तीस सेंटीमीटरची पट्टी पटकन वाकते, पंधराची वाकवायला बराच जास्त जोर लागतो. लिक्विड क्रिस्टलच्या थराचंही असंच आहे, पातळ थर जास्त हट्टी.

भिंगाच्या प्रयोगात हे डोळ्यांना दिसतं. मध्यावर, जिथे थर पातळ आहे, तिथे काच जिंकते आणि काही बदलत नाही. बाहेर, जिथे थर जाड आहे, तिथे क्षेत्र जिंकतं. दोघांच्या सीमेवर एक गोल कडं उमटतं. क्षेत्र वाढवलं की कडं आत सरकतं. कड्याची त्रिज्या मोजा, भिंगाची वक्रता माहीत आहे, त्यावरून त्या जागेची जाडी काढा. फ्रेडरिक्स आणि रेपिएवा यांनी जाडी आणि क्षेत्र यांचा गुणाकार केला. तो प्रत्येक वेळी सारखाच आला. १९२७ मध्ये हे जर्मन नियतकालिकात छापून आलं.

पुढे वालेन्तिना झोलिना या सहकारी संशोधिकेबरोबर त्याने या मोजमापांना आणखी धार लावली. १९३३ मध्ये लंडनच्या फॅरडे सोसायटीने लिक्विड क्रिस्टलवर चर्चा भरवली, तिच्या अंकात दोघांचा निबंध आहे. त्या मोजमापांतून पदार्थाचा लवचीकपणा काढता येतो. वाहणाऱ्या द्रवाला लवचीकपणा असतो हेच मुळात चमत्कारिक, आणि तो फार कमी असतो. आकडे द्यायचे तर ढोबळमानाने, शंभर मायक्रॉन जाड थर वळवायला हजारेक गॉसचं चुंबक पुरतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण थर दहा मायक्रॉनचा केला की दहा हजार गॉस लागतात, म्हणजे जवळपास हॉस्पिटलमधल्या एमआरआय यंत्राच्या तोलाचं चुंबक.

हे वाचून कुणीही म्हणेल की मग पातळ पडदा करणं शक्यच नाही. जितका पातळ, तितकं मोठं चुंबक. इथेच खरी गंमत आहे, आणि ती चुंबकाऐवजी वीज वापरली की कळते.

विद्युत क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले जाडी. थर अर्धा केला तर रेणू वळवायला दुप्पट क्षेत्र लागतं, हा फ्रेडरिक्सचा नियम. पण थर अर्धा केला तर तेवढ्याच व्होल्टेजमध्ये क्षेत्र आपोआप दुप्पट होतं, ही शाळेतली वीज. दोन्ही परिणाम एकमेकांना बरोबर खाऊन टाकतात. उरतं ते एक ठरावीक व्होल्टेज, ज्याचा जाडीशी काहीही संबंध नाही. थर शंभर मायक्रॉनचा असो की दोन मायक्रॉनचा, उंबरठा तोच. यालाच फ्रेडरिक्सचा उंबरठा म्हणतात.

विजेचे प्रयोग त्याने स्वतःही केले, १९३०च्या दशकाच्या मध्यावर, व्हिक्टर त्सवेत्कोव या तरुण विद्यार्थ्याबरोबर. पण वीज चुंबकासारखी गुणी नव्हती. पदार्थात थोडी जरी अशुद्धी असली तरी त्यातले आयन धावायला लागतात आणि सगळा द्रव ढवळून निघतो. त्यातून वाट काढायला वेळ हवा होता.

अटक

त्याआधी थोडं घरचं. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेडरिक्सने मारिया शोस्ताकोविच हिच्याशी लग्न केलं. ती पियानोवादक, आणि संगीतकार दिमित्री शोस्ताकोविचची थोरली बहीण. म्हणजे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं हे नाव विसाव्या शतकातल्या एका नामवंत संगीतकाराचे मेहुणे. त्यांना एक मुलगा झाला.

१९३६च्या जानेवारीत प्रावदा या सरकारी वृत्तपत्राने शोस्ताकोविचच्या ऑपेरावर झोड उठवली, आणि सगळ्या कुटुंबाच्या डोक्यावर तलवार लटकू लागली. त्याच वर्षी लेनिनग्राडजवळच्या पुलकोवो वेधशाळेभोवती धरपकड सुरू झाली. खगोलशास्त्रज्ञ, भूगर्भशास्त्रज्ञ, गणिती, भौतिकशास्त्रज्ञ, जो त्या वर्तुळात येईल तो. आरोप सोविएतविरोधी कटाचा. परदेशात शिक्षण, परदेशी नियतकालिकांत लेखन, सरदारी आडनाव. फ्रेडरिक्सकडे संशय घ्यायला लागणारं सगळंच होतं. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्याला अटक झाली. मे १९३७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. वेधशाळेचे प्रमुख बोरिस गेरासिमोविच यांना त्याच वर्षी गोळ्या घातल्या. लेनिनग्राडचेच तरुण सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ मात्वेई ब्रॉनस्टाइन यांना पुढच्या फेब्रुवारीत.

मारियाला मध्य आशियात हद्दपार केलं. १९३७च्या नोव्हेंबरमध्ये शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी लेनिनग्राडमध्ये पहिल्यांदा वाजली आणि टाळ्या थांबेनात, तेव्हा त्याचे मेहुणे तुरुंगात होते आणि बहीण हद्दपारीत.

पुढची सहा-सात वर्षं तुरुंग आणि छावण्या. ६ जानेवारी १९४४ रोजी न्यूमोनियाने फ्रेडरिक्सचा मृत्यू झाला. वय ५८. शहर होतं गोर्की. सोविएत सरकारने ज्याचं नाव बदलून गोर्की केलं होतं ते मूळचं निझनी नॉवगोरोद, जिथे एकेकाळी त्याचे वडील गव्हर्नर होते.

१९५६ मध्ये, स्टालिन गेल्यावर, त्याला निर्दोष ठरवण्यात आलं.

त्या उंबरठ्याचं पुढे काय झालं

बराच काळ काहीच नाही. लेनिनग्राडमध्ये त्सवेत्कोवने काम चालू ठेवलं, बाकी जगात हा विषय थंड पडला. युद्धानंतर दीड-एक दशक तर लिक्विड क्रिस्टलवर काम करणारे अगदी मोजके होते.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांनी लिक्विड क्रिस्टलचा पहिला चालता डिस्प्ले जगाला दाखवला. तो कसा चालायचा? व्होल्टेज लावलं की आतले आयन धावायचे, द्रव ढवळला जायचा आणि पारदर्शक थर दुधाळ दिसायचा. म्हणजे फ्रेडरिक्स आणि त्सवेत्कोव यांना ज्या ढवळण्याने सतावलं होतं, तेच इथे कामाला लावलं. पण त्याला व्होल्टेज जास्त लागायचं, प्रवाह सतत वाहायचा, आणि बटन सेलसाठी ते महागात पडत होतं.

खरी वाट १९७०च्या अखेरीस निघाली. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी रेणूंची रांग एका काचेपासून दुसरीपर्यंत नव्वद अंशांत पिळून ठेवली. व्होल्टेज लावलं की रेणू उभे राहतात, पीळ सुटतो, आणि प्रकाश अडतो. ढवळणं नाही, प्रवाह जवळजवळ नाही, फक्त फ्रेडरिक्सचा उंबरठा ओलांडायचा. अडचण उरली पदार्थाची, जो घरातल्या तापमानाला नीट टिकेल असा. तो इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी दिला. सायनोबायफिनाइल नावाच्या या पदार्थांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फाइव्ह-सीबी. १९७३ मध्ये सेइकोचं सहा आकड्यांचं घड्याळ बाजारात आलं, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

फाइव्ह-सीबीचे गुणधर्म त्या सूत्रात टाकून बघा. लवचीकपणा भागिले विजेला मिळणारा प्रतिसाद, त्याचं वर्गमूळ, गुणिले पाय. उत्तर येतं सुमारे पाऊण व्होल्ट. पीळ दिलेल्या रचनेत आकडा थोडा सरकतो, पण एक व्होल्टच्या आसपासच राहतो. म्हणून दीड व्होल्टची बटन सेल पुरते. वरून प्रवाह नगण्य, कारण लिक्विड क्रिस्टल हा उत्तम विद्युतरोधक आहे. तुम्ही चार्ज भरता, रेणू वळतात, बस.

आणि आता मायक्रोडिस्प्ले. यात काचेच्या ऐवजी खाली सिलिकॉनची चिप असते, तिच्यावर प्रत्येक पिक्सेलसाठी अ‍ॅल्युमिनियमचा छोटासा आरसा, त्यावर लिक्विड क्रिस्टलचा थर आणि वर काच. एडिनबरा विद्यापीठात १९८०च्या दशकात या जातीच्या चिप्सवर सुरुवातीचं संशोधन झालं. २०१३ मध्ये आलेल्या गूगल ग्लासच्या चष्म्यातही असाच पडदा होता.

असा पडदा बनवणाऱ्याची डोकेदुखी वेगळी असते. नखाएवढ्या जागेत लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलसाठी वेगळी जागा नसते. मग एकच पिक्सेल आळीपाळीने तिन्ही रंग दाखवतो, इतक्या भरभर की डोळ्याला कळत नाही. सेकंदाला ६० चित्रं म्हटली तर एका रंगाला साडेपाच मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात रेणू वळले पाहिजेत आणि परत आले पाहिजेत. परत यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. पाच मायक्रॉनच्या थराला वीस-पंचवीस मिलिसेकंद लागत असतील तर अडीच मायक्रॉनच्या थराला त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे वेग हवा तर थर पातळ करा.

कुठल्याही दुसऱ्या यंत्रात अशा वेळी काहीतरी किंमत मोजावी लागते. इथे व्होल्टेजच्या बाबतीत मोजावी लागत नाही. थर हवा तेवढा पातळ करा, उंबरठा हलत नाही. चिप तिच्या नेहमीच्या तीन-पाच व्होल्टवरच हा पडदा चालवते. जाडी कमी केल्यावर दुसरी कुरकुर सुरू होते, प्रकाशावरचा परिणाम कमी पडतो, धुळीचा कण अडकला तर पूर्ण पिक्सेल जातो, शेजारच्या पिक्सेलचं क्षेत्र आत घुसतं. प्रबंधांची बाकीची प्रकरणं त्यावरच असतात. पण बॅटरीचा प्रश्न पहिल्याच प्रकरणात सुटलेला असतो, १९२७ मधल्या त्या भिंगाच्या कड्याने.

जाता जाता त्या नावाबद्दल. इंग्रजी आणि जर्मन लिखाणात ते निदान तीन-चार प्रकारे लिहिलेलं सापडतं, कधी शेवटी झेड, कधी डोक्यावर स्वरचिन्ह, कधी एक ई, कधी दोन. मूळ रशियन लिपीतून जो तो आपापल्या परीने उतरवतो, आणि फ्रेडरिक्स स्वतः परदेशी नियतकालिकांसाठी वापरत असलेलं रूप घरच्या रूपापेक्षा वेगळं होतं. त्यामुळे शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका, निम्मे निबंध हातचे जातील. रशियातल्या लिक्विड क्रिस्टल संशोधकांच्या संस्थेने त्याच्या नावाने एक पदक ठेवलं आहे. तिथे नाव अर्थातच रशियन लिपीत आहे, आणि त्यात झेड नाही.